जिम बॉलवर पोट-कंबरेचा व्यायाम: आधी माप आणि हवा, मग प्लँक

जिम बॉल, म्हणजे व्यायामाचा हवा भरायचा मोठा चेंडू, आपली उंची बघून घ्यायचा असतो. पाच फुटांपेक्षा कमी उंची असेल तर ४५ सेंटिमीटर, पाच फूट ते पाच फूट सात इंच असेल तर ५५, त्यापुढे साधारण सहा फूट दोन इंचांपर्यंत ६५, आणि त्याहून उंच माणसाला ७५. खोक्यावरचा आकडा पूर्ण फुगवल्यावरचा व्यास सांगतो. खरी परीक्षा बसून होते: दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकलेले हवेत आणि मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या हव्यात. गुडघे कमरेच्या वर येत असतील तर बॉल लहान आहे किंवा हवा कमी आहे.

नवा बॉल एका दमात पूर्ण फुगवू नका. पहिल्या दिवशी ऐंशी टक्के हवा भरून बूच लावा आणि चोवीस तास तसाच ठेवा. प्लॅस्टिक हळूहळू ताणतं. दुसऱ्या दिवशी उरलेली हवा भरा. भिंतीवर जमिनीपासून ५५ किंवा ६५ सेंटिमीटरवर चिकटपट्टीची खूण करा, बॉल तिथे टेकवा आणि वर एक सपाट पाट आडवा धरून माप जुळतंय का ते पाहा. पहिल्या काही आठवड्यांत तो पुन्हा थोडा सैल पडतो, तेव्हा हवा भरावी लागते.

हवेला इतकं महत्त्व का? टणक बॉल जमिनीला अगदी थोड्या जागेत टेकतो, म्हणून जरा धक्का लागला की घरंगळतो. थोडा मऊ बॉल बुडाशी पसरतो आणि स्थिर राहतो. जिममध्ये आपण डंबेलचं वजन बदलतो, इथे डोलणं कमी-जास्त करायचं असतं, आणि ते हवेने आणि दोन पायांतल्या अंतराने ठरतं. नवख्यांनी हवा थोडी कमी आणि पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवावेत. व्यायाम बदलण्याआधी या दोन गोष्टी बदला. बहुतेकांची प्रगती अवघड प्रकाराकडे उडी मारण्याच्या घाईत अडते.

जागा दोन मीटर लांब-रुंद मोकळी हवी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून किंवा सतरंजीवर हे करू नका, दोन्ही सरकतात. रबरी मॅट आणि अनवाणी पाय उत्तम.

बॉलवर जाण्याआधी जमिनीवर कोपरांवरचा प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर सरळ रेषेत उचलून धरणं, तीस सेकंद कंबर न ढळता जमला पाहिजे. तो जमत नसेल तर बॉल फक्त दोष वाढवेल. पोट आवळायचं म्हणजे आत ओढायचं नाही. खोकताना ते जसं चहूबाजूंनी घट्ट होतं तसं ठेवायचं आणि श्वास चालू ठेवायचा.

सुरुवात पाठीवर झोपून करा. मांड्या उभ्या आणि गुडघे काटकोनात ठेवून बॉल हातांच्या तळव्यांमध्ये आणि गुडघ्यांमध्ये दाबून धरा. आता उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय सरळ पुढे न्या, उरलेला हात-गुडघा बॉल दाबतच ठेवतील. परत आणा, बाजू बदला. प्रत्येक बाजूला सहा, असे दोन सेट. कंबर मॅटवरून उचलली जायला लागली की पाय तेवढाच खाली न्या, त्यापुढे नाही.

मग ब्रिज. पोटऱ्या आणि टाचा बॉलवर, हात बाजूला जमिनीवर. नितंब आवळून उचला, खांद्यापासून टाचेपर्यंत एक रेघ झाली पाहिजे. वीस सेकंद थांबा. हे सहज जमलं की नितंब न पाडता टाचांनी बॉल स्वतःकडे ओढा आणि सोडा, आठ वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर नितंबांचं काम मांडी करते आहे. थांबून पुन्हा नितंब आवळा.

सगळ्यात मोलाचा प्रकार म्हणजे बॉलवरचा प्लँक. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे आधी जमिनीवर, नजर बॉलवर. पंधरा सेकंद, तीन वेळा. नंतर गुडघे उचला. वीस सेकंद स्थिर राहता आलं की कोपरांनी बॉल गोल फिरवायचा, वर्तुळ वाटीएवढं, परातीएवढं नाही. दोन्ही दिशांनी पाच-पाच. बॉल जितका पुढे जाईल तितका कमरेवरचा ताण झपाट्याने वाढतो. ताण पोटात जाणवण्याऐवजी कमरेत जाणवला, खांदे कानांकडे चढले किंवा श्वास अडकला, की सेट तिथेच संपवा. थकल्यावर काढलेली शेवटची पाच सेकंदं सर्वांत जास्त नुकसान करतात.

बोसू, म्हणजे सपाट बुडाचा अर्धा गोल, असेल तर गोल बाजू वर ठेवून तिच्यावर गुडघे टेका, हात समोर जमिनीवर ठेवा आणि उलट हात-पाय पाच सेकंद लांब करा. बोसू उलटा करून त्याच्या फळीवर उभं राहू नका, आणि जिम बॉलवर तर कधीच नाही. डोलत्या पृष्ठभागावर आपण स्थिर जमिनीवर उचलतो तेवढं वजन उचलू शकत नाही, त्यामुळे जड डंबेल इथे नकोत. जड वजनाचा व्यायाम जमिनीवरच करावा.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं पुरेत, मध्ये एक दिवस सुट्टी. मणक्याची गादी सरकलेली असेल, चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा.

बॉल उन्हात, हीटरजवळ ठेवू नका. दर वेळी बसण्याआधी हात फिरवून चरा किंवा खोल ओरखडा पडलाय का ते बघा. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेला बॉल भोक पडल्यावर एकदम फुटण्याऐवजी हळू बसतो, पण त्याला ठिगळ लावून पुन्हा वापरू नका, नवा घ्या.