मित्र कठीण काळातून जात असेल तर त्याच्या विश्वासाला आधार कसा द्यायचा

कोणावर संकट आलं की आपण पहिलं काय करतो, तर मोबाईल काढतो, बायबलमधलं एक वचन शोधतो, खाली हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पाठवून मोकळे होतो. वाईट काही नाही त्यात, पण समोरच्याला त्या दिवशी तसे चाळीस मेसेज आलेले असतात आणि त्यातला एकही त्याने उघडलेला नसतो. म्हणून जरा व्यवस्थित लिहिते, नक्की काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मित्राचा विश्वास दुरुस्त करायला आपण जात नाही. आपण जवळ राहायचं, आणि त्याला जमत नाहीये तोवर त्याच्या वाटची प्रार्थना, त्याच्या वाटचं बायबल वाचन आपण करायचं. मार्क 2 मध्ये चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या आजारी माणसाने तोपर्यंत काही बोलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. मित्र अगदीच गळून गेलेला असेल तेव्हा मला हा उतारा फार उपयोगी वाटतो, कारण तेव्हा त्याच्याकडून विश्वासाची अपेक्षाच करायची नसते, बाज आपण उचलायची असते.

तर सुरुवात कशी करायची? जा. जाता येत नसेल तर फोन करा. योनाथान त्याच्या मित्राला, दावीदाला, भेटायला रानात गेला, आणि ते सुद्धा कधी, तर त्याचा स्वतःचा बाप शौल दावीदाच्या जिवावर उठलेला असताना (1 शमुवेल 23). निरोप पाठवून भागवलं नाही त्याने. देवाच्या नावाने दावीदाला धीर दिला, भिऊ नको म्हणाला, आणि घरी परत गेला. दावीद मात्र रानातच राहिला बरं का, त्याचा त्रास त्या भेटीने संपला नाही. आपल्या भेटीनेही बहुतेक वेळा संपणार नाही, ते धरूनच चालायचं.

गेल्यावर बोलायचं काय हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पहिल्या भेटीत जवळजवळ काहीच नाही. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले आणि तेवढं त्यांनी एकदम बरोबर केलं, मग तोंड उघडलं आणि तू काहीतरी पाप केलं असशील म्हणून तर हे झालं हे पटवायला लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. हे आजही अगदी तसंच चालतं. तुझा विश्वास कमी पडला, घरात काहीतरी शाप असेल, तू नीट उपास-प्रार्थना केली नाहीस, ही वाक्यं आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला ऐकवणं मला सरळ क्रूरपणा वाटतो, कोणी कितीही अधिकाराने बोलो. योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशूने दोन्ही नाकारलं.

'काही लागलं तर सांग' हे पण शक्यतो नको. कोणी सांगत नाही. त्यापेक्षा, उद्या संध्याकाळी मुलांना मी सांभाळते तू दोन तास झोप, किंवा डॉक्टरकडे मी सोबत येतो, असं ठरवूनच बोला, नको असेल तर तो नाही म्हणेल. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला होता तेव्हा देवाने त्याला झोपू दिलं, दूताने उठवून भाकर-पाणी दिलं, तो परत झोपला, परत खायला दिलं, आणि बोलणं सगळं त्यानंतर. अंगात त्राणच नसेल तर वचन पण डोक्यात शिरत नाही. पैशाची अडचण असेल तर गुपचूप मदत करा, चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगताना, त्याचा उल्लेख नको.

आता वचनांबद्दल, कारण गडबड इथेच जास्त होते. रोमकरांस 8:28, सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं ते, खरं आहे, माझाही त्यावर विश्वास आहे, पण अंत्यविधीच्या दिवशी ते कोणाला ऐकवू नका. त्या वेळी विलापाची स्तोत्रं वाचा. स्तोत्र 13 ची सुरुवातच हे परमेश्वरा, कुठवर, अशी आहे, आणि शेवटी ते भरवशाकडे येतं. स्तोत्र 88 तर येतच नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. ज्याला वाटतंय की असं रडणं-भांडणं म्हणजे पाप, त्याला हे कळलं तर मोठा दिलासा मिळतो. वचन पाठवण्याऐवजी तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, दूर असाल तर व्हॉइस मेसेज करा, दोन मिनिटांचा, आणि सांगून टाका की उत्तर द्यायची गरज नाही.

प्रार्थना लगेच तिथेच करा. 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणून निघून गेलो की ते राहून जातं, आपल्या सगळ्यांचं होतं. आधी विचारा, आज देवाकडे नक्की काय मागू? मग तेवढंच मागा. आणि कृपा करून प्रार्थनेतून उपदेश नको, म्हणजे 'प्रभू, ह्याला समजू दे की कुरकुर करायची नसते' असलं काही, डोळे मिटलेल्या माणसाला उठून जाता पण येत नाही. देवाने तुला बरं करायचं ठरवलंच आहे असलं आश्वासन आपण आपल्या मनाने देऊ नये.

ग्रुपवर प्रेयर रिक्वेस्ट टाकायच्या आधी त्याला विचारलंत का? नसेल तर टाकू नका. नवरा-बायकोची भांडणं, गर्भपात, मानसिक आजार, नोकरी गेलेली, हे सगळं प्रार्थनेच्या नावाखाली पूर्ण मंडळीत फिरतं आणि मग तो माणूस चर्चलाच यायचा बंद होतो.

मित्र देवावर चिडला असेल तर? चिडू द्या. देवाची वकिली करायला आपल्याला कोणी नेमलेलं नाही. लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया दोघी येशूला एकच वाक्य बोलल्या, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला आणि मरीयेला रडताना पाहून स्वतः रडला. तक्रार तीच पण दोघींना वेगळं मिळालं. म्हणजे कोणाला प्रश्नांवर बोलायला हवं असतं तर कोणाला फक्त कोणीतरी जवळ रडायला, आणि आपला मित्र कुठल्या प्रकारचा आहे ते त्याचं ऐकल्याशिवाय कळणार नाही. शंका असणाऱ्यांवर दया करा असं यहूदाच्या पत्रात आहे. चर्च चुकवतोय म्हणून इब्री 10:25, एकत्र जमणं सोडू नका ते, तोंडावर मारू नका, त्याच्या आधीच्याच ओळीत एकमेकांना प्रीतीसाठी उत्तेजन द्यायला सांगितलंय. मागच्या बाकावर मी तुझ्याबरोबर बसते, नकोसं झालं तर मधूनच निघू, असं म्हणून बघा.

एक गोष्ट गंभीर आहे. तो जगावंसं वाटत नाही असं बोलत असेल तर स्पष्ट विचारा, आत्महत्येचा विचार येतोय का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा डॉक्टरला लगेच सांगा, त्याने शपथ घातली तरी हे गुपित ठेवायचं नाही. आणि डिप्रेशनच्या गोळ्या विश्वासाने बंद कर असं कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. गोळ्या आणि प्रार्थना दोन्ही चालू राहू शकतात.

हे सगळं एकट्याने करू नका. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात दुखायला लागले तेव्हा ते धरून ठेवायला अहरोन आणि हूर असे दोघे लागले होते. दोन-तीन मित्रांनी वाटून घ्या, एकाने फोन, एकाने दवाखाना. फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, आणि खरं तर तेव्हाच जास्त गरज असते. गेलेल्या माणसाचा वाढदिवस, पुढच्या तपासणीची तारीख, कोर्टाची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी फोन करा.

आणि त्रासात तुम्ही स्वतः असाल तर मागायला शिका. विश्वासू माणसाने कसं मागायचं असं वाटतं ना? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने मित्रांना माझ्याबरोबर जागे राहा म्हटलं, आणि पौलाने कैदेतून त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं, माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आधी ये. इतकं साधं आणि नेमकं. कोणी कसा आहेस विचारलं की 'देवाच्या कृपेने ठीक' लिहायच्या आधी थांबा आणि असं काहीतरी पाठवा: आज प्रार्थना करायला जमत नाहीये, रात्री नऊला फोन करून माझ्यासाठी करशील का?