घरच्या घरी क्ले आणि रंग बनवताय? या चुका टाळा

“क्ले हाताला चिकटतोय, काय करू?” मुलांच्या शिबिरात हे विचारणारे पालक दर वेळी भेटतात. “शिजवला होता का?” असं मी विचारते, आणि बहुतेकदा उत्तर येतं, “नाही, नुसता मळला.”

न शिजवता मळायच्या कृती खूप फिरतात. मैदा, मीठ, तेल, पाणी, आणि दहा मिनिटांत क्ले तयार. तो तासभर छान वागतोही. पण कच्चं पीठ पाणी नीट धरून ठेवत नाही आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. गोळा सैल पडतो, बोटं लडबडतात. मग माणूस आणखी मैदा घालतो. थोड्या वेळाने पुन्हा चिकट, पुन्हा मैदा. शेवटी गोळा दुप्पट होतो आणि मुलाच्या हातात नुसता भुगा येतो. चिकट क्लेवर मैदा हा उपाय नाही. तो गोळा परत पातेल्यात टाकून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. पिठातला स्टार्च तापला की पाणी शोषून फुगतो आणि चिकटपणा आपोआप जातो.

माझं प्रमाण ठरलेलं आहे: १ वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, २ छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगसाठी मिळणारी आंबट पांढरी पूड). ते नसेल तर २ मोठे चमचे लिंबाचा रस घालते आणि तेवढं पाणी कमी करते. रंग आधी पाण्यात मिसळते. तयार गोळ्यात रंग मळायला गेलात तर हात रंगतात आणि गोळ्यात पट्टे राहतात.

शिजवताना एक टप्पा असा येतो की सगळं बिघडलंय असंच वाटतं. पातळ मिश्रणात गुठळ्या होतात, एक भाग घट्ट, एक ओला, तळाला थर. घाई असलेले लोक इथेच गॅस बंद करतात. हलवत राहा. अजून दोनेक मिनिटांत पातेल्याच्या कडा सुटतात, सगळं चमच्याभोवती गोळा होतं आणि वरची ओली चमक जाते. चिमूट काढून दाबून पाहा, बोटाला काही लागलं नाही की झालं. गरम असताना तो थोडा चिकटणारच. ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा, मग मळा. कानाच्या पाळीइतका मऊ लागला पाहिजे.

शिजवण्यासाठी मी एवढी हट्टी आहे त्याचं आणखी एक कारण आहे. कच्च्या पिठात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. लहान मूल क्ले तोंडात घालतंच, तुम्ही समोर बसलेले असलात तरी. कोरडं पीठ ओव्हनमध्ये तापवून ‘सुरक्षित’ करायच्या युक्तीवर माझा विश्वास नाही, कारण कोरड्या पिठातले जंतू घरच्या ओव्हनमध्ये खात्रीने मरत नाहीत.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचा वास अजून आठवतो. बारा मुलांसाठी बोटांनी रंगवायचे रंग करायचे होते. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर आणि दोन वाट्या पाणी शिजवून सुरेख पारदर्शक खळ झाली. निळा, लाल, हिरवा असे रंग घातले, गरम असतानाच बरण्यांत भरून झाकणं घट्ट लावली आणि ओट्यावर ठेवून दिल्या. शिबिर तीन दिवसांनी होतं. त्या दिवशी निळी बरणी एका मुलाने माझ्याआधी उघडली आणि दोन्ही तळवे आत घातले. आंबूस वास माझ्यापर्यंत आला तेव्हा तो कागदावर समुद्र काढायला लागला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके होते. त्याचे हात साबणाने दोनदा धुतले, तिन्ही बरण्या फेकल्या आणि उरलेला वेळ मुलांनी खडूंवर भागवला. समुद्र अर्धाच राहिला म्हणून तो जाताना माझ्याशी बोलला नाही.

स्वयंपाकघरातलं सामान म्हणजे अन्न, आणि अन्नासारखंच ते नासतं. गरम खळीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी वर साचतं आणि बुरशीला जागा मिळते. आता मी पूर्ण गार करते, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन वाळवते, फ्रीजमध्ये ठेवते आणि चार-पाच दिवसांत संपवते. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातले तर महिना टिकतो असं सांगतात. मी त्या भरवशावर मुलांना रंग देत नाही, आणि ते तेल कातडीला झोंबतंही. नुसतं पाणी सुटलं असेल तर मात्र रंग फेकू नका. स्टार्चची खळ गार होऊन राहिली की पाणी सोडतेच, ढवळा आणि वापरा. वास आंबूस असेल किंवा एक जरी ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. सगळं टाका.

याच रंगाची आणखी एक तक्रार येते, “सकाळी घट्ट होता, दुपारी पाणी झालं.” विचारा, ब्रश तोंडात घातला होता का? लाळेतलं अमायलेझ हे पाचक द्रव्य स्टार्च तोडतं. चाटलेला ब्रश बरणीत बुडवला की थोड्या वेळात दाट खळ पातळ होते. म्हणून मी बरणी मुलांपुढे ठेवतच नाही. प्रत्येकाला वाटीत थोडा रंग, आणि उरलेला परत बरणीत ओतायचा नाही.

खळीत गुठळ्या होत असतील तर कॉर्नफ्लॉवर थेट गरम पाण्यात पडतोय. आधी गार पाण्यात कालवा, मग आचेवर ठेवा.

आता हळद. बेकिंग सोडा घालून केलेल्या वॉटरकलरच्या वड्यांमध्ये लोक पिवळ्यासाठी हळद घालतात आणि हातात विटकरी लाल येतो. सोडा अल्कलीधर्मी आहे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसंच हे. हळद हवी असेल तर सोडा नसलेल्या खळीत घाला. आणि हळदीचा डाग उन्हात उडतो हे माहीत असूनही आपण हळदीने रंगवलेलं चित्र खिडकीत लावतो! माझ्या भाचीने काढलेला भलामोठा सूर्य असाच फिका पडत गेला आणि शेवटी पेन्सिलीचं वर्तुळ तेवढं उरलं. बीटचंही तेच, काही दिवसांत गुलाबीचा तपकिरी होतो. टिकवायचं चित्र असेल तर खायचे तयार रंगही फार भरवशाचे नाहीत. चित्राचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद फाईलमध्ये, अंधारात ठेवा.

खेळायच्या क्लेची खेळणी करून वाळवू नका. त्यात तेल असतं, ती तडकतात. वाळवायच्या वस्तूंना २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, साधारण १ वाटी पाणी, तेल अजिबात नाही. जाडी अर्धा सेंटीमीटर, ओव्हन १०० अंश सेल्सिअस, वेळ दोन-तीन तास. वेळ वाचवायला १८० वर ठेवाल तर फुगून भेगा पडतील. घरात कुत्रा असेल तर या वस्तू उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे खडू करताना भुकटी पाण्यात सोडा, भुकटीवर पाणी ओतू नका. भुकटी उडते ती श्वासात जाऊ देऊ नका. उरलेलं सिंकमध्ये ओतलंत तर पाइपात दगड होईल. आणि मुलाच्या हाताचा ठसा घ्यायला हात त्यात बुडवून ठेवायचा नाही, कधीच नाही. घट्ट होताना प्लास्टर कातडी भाजण्याइतकं तापतं, आणि तोवर हात अडकलेला असतो. ठसा हवा तर मिठाच्या पिठात घ्या.

बोरॅक्सचा (टाकणखाराचा) स्लाइम, म्हणजे तो लिबलिबीत ताणला जाणारा गोळा, मी लहान मुलांसाठी करत नाही.

बरणीवर तारीख लिहा. मी झाकणावर नाही, बरणीवर लिहिते, कारण मुलं झाकणं अदलाबदल करतात.