बॉक्सिंगमध्ये येताय? आधी वजनाचं ऐका

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या हॉलमध्ये नवीन पोरंपोरी येतात आणि पहिल्या आठवड्यातच विचारतात, "ताई, इंडिया खेळायला किती वर्षं लागतात?" मी नागपुरात तेराव्या वर्षी ग्लोव्ह्ज घातले आणि अठराव्या वर्षी भारताच्या युवा संघातून परदेशात खेळले. पदक आणलं नाही. तरी त्या पाच वर्षांत जे कळलं ते सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर माझं एक अख्खं वर्ष वाचलं असतं. म्हणून हे लिहितेय, नव्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठीही.

आधी रस्ता कसा आहे ते बघा. नवीन घरांचा इथेच गोंधळ होतो, कारण रस्ते दोन आहेत. एक शालेय स्पर्धांचा: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय. दुसरा संघटनेचा: जिल्हा संघटनेची निवड चाचणी, राज्य स्पर्धा, मग बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा. शाळेच्या रस्त्याने ग्रेस गुण मिळतात, नाव होतं, अनुभवही मिळतो. पण भारताच्या संघाकडे नेणारा रस्ता मुख्यतः दुसरा. राष्ट्रीय स्पर्धेत वर आलात तर शिबिराला बोलावतात, शिबिरात पुन्हा चाचणी होते आणि तिथून संघ ठरतो. दोन्हीकडे खेळा, फक्त दोन्हींच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. एक चाचणी चुकली तर पुढची वर्षभराने येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या स्पर्धेत एका वजनगटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो. म्हणजे तुमच्या वजनात हरियाणाची, मणिपूरची, रेल्वेची, सेनादलाची जेवढी मुलं-मुली आहेत, त्या सगळ्यांतून एक. त्यामुळे कुठल्या वजनात खेळायचं हा निर्णय करिअरमधला सगळ्यात मोठा निर्णय असतो. आणि आपल्याकडे तो पंधरा वर्षांच्या मुलांसाठी स्पर्धेच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं करून घेतला जातो.

माझ्याबाबतीत तेच झालं. पंधरा वर्षांची होते, वजन पंचावन्नच्या थोडं वर. ५७ किलोच्या गटात जिल्ह्यात दोन चांगल्या मुली होत्या, ५२ मध्ये मैदान मोकळं होतं. तेव्हा संघाबरोबर असलेल्या एका प्रशिक्षकांनी सांगितलं, तीन किलो तोड, पदक पक्कं. वजन तोडणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिलचा महिना, नागपूरचं ऊन, अंगात रेनकोट आणि त्यावर स्वेटर घालून सेमिनरी हिल्सच्या चढावर धावायचं. शेवटचे दोन दिवस पाणी घोटाघोटाने. काट्यावर जायच्या आधी च्युइंगम चघळून थुंकी बाटलीत थुंकत बसायची, कारण शंभर ग्रॅम त्यातूनही जातात. आई दारात भाकरीचं ताट घेऊन उभी होती आणि मी तिच्यावर ओरडले. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

जिल्ह्यात सुवर्ण मिळालं. राज्य स्पर्धेत दुसऱ्या लढतीत, दुसऱ्या राउंडला, माझे पायच उठेनात. डोळ्यांसमोर दिसत होतं की हात येतोय, डोकं हलवायचं आहे, पण शरीर ऐकत नव्हतं. मी सावरतेय का ते बघायला पंचांनी दोनदा आठ अंक मोजले आणि मग लढत थांबवली. मला मार फारसा लागला नव्हता. मी रिकामी झाले होते.

नागपूरला परत आले तर हॉलमधले आमचे सर, ज्यांच्याकडे मी आजही जाते, काही बोललेच नाहीत. चार दिवसांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि म्हणाले, "काहून जीव देऊन राहिली, पोरी? तुझी हाडं अजून वाढून राहिली. उद्यापासून ५७ मधी, अन् दोन वर्षांनी ६० मधी." पुढचे सहा महिने मी ५७ मध्ये हरत राहिले. त्याच दोन मुलींकडून हरले. पण पोटभर जेवून हरले आणि प्रत्येक लढतीत काहीतरी शिकून आले. वाढत्या वयात उपाशी राहून जिंकलेलं जिल्ह्याचं पदक पुढे कामाला येत नाही, कारण अठराव्या वर्षी ते वजन तुमचं राहतच नाही आणि वरच्या वजनातल्या मुली तोपर्यंत त्या वजनाच्या ताकदीला सरावलेल्या असतात.

आपल्या नागपूरचीच अल्फिया पठाण बघा. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात घडलेली मुलगी. २०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या किल्त्सेला जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटात तिने सुवर्ण जिंकलं, अंतिम लढत ५-० ने, म्हणजे पाचही परीक्षकांच्या मताने. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदकं आणली, त्यातलं एक नागपूरचं. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात तिने २०१६ च्या विश्वविजेत्या लझ्झत कुंगेबायेवाला हरवलं. आपल्याकडे अंगाने थोराड मुलीला लोक जन्मभर बारीक हो, बारीक हो म्हणून ऐकवतात. बॉक्सिंगमध्ये प्रत्येक अंगाला जागा आहे. सध्या सीनियर महिलांचे गट ४८ पासून सुरू होतात आणि ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० असे जात ८० वरच्या खुल्या गटापर्यंत पोहोचतात. तुमच्या मुलीचं वजन काहीही असो, तिच्यासाठी यात एक रिंग आहे. ती शोधा, तिला कापून लहान करू नका.

पहिल्या परदेशी स्पर्धेबद्दल सगळेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. मध्य आशियातलं थंड शहर, हॉटेलचा कॉरिडॉर, पहाटेचे सहा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजन एकदाच होत नाही, ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर. म्हणजे पाच दिवसांत तीन लढती असतील तर तीन वेळा. आदल्या रात्री पाणी तोडून वजन बसवणारी मुलगी पहिला दिवस निभावते, दुसऱ्या लढतीला तिच्यात काही उरत नाही. मी त्या सकाळी ५९.४ भरले, रात्री डाळ-भात खाऊन झोपले होते. रांगेत माझ्यापुढे उभी असलेली मुलगी थरथरत होती आणि तिची प्रशिक्षक तिच्या खांद्यांवर टॉवेल घालत होती. मला माझा तो एप्रिल आठवला.

पहिली लढत जिंकले. दुसरी उझबेकी मुलीबरोबर, डावखुरी. हाताला पट्टी बांधताना आपल्या प्रशिक्षकांनी पट्टीच्या दर वेढ्याला माझी मूठ मिटून उघडायला लावली. पट्टी साडेचार मीटरची असते, मनगटावर घट्ट, बोटांच्या मुळांवर जाड, आणि मूठ मिटली की ताण यायला हवा, उघडली की सैल वाटायला हवी. घरी हे रोज स्वतः बांधायला शिका. हॉलमध्ये मी बघते, मुलं दुसऱ्याकडून बांधून घेतात आणि मग मनगट मुरगळतं.

लढत मी ४-१ ने हरले. घरी आल्यावर व्हिडिओ पाहिला तेव्हा कारण कळलं. पाच परीक्षक असतात, प्रत्येक जण राउंड जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी देतो. मी पुढे पुढे जात होते, भरपूर हात चालवत होते, प्रेक्षकांना मी भारी वाटत असेन. पण माझे अर्धे हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे, तिच्या कोपरावर आणि ग्लोव्हवर बसत होते. ती दर दहा सेकंदांनी एक सरळ डावा मारत होती, मुठीच्या पुढच्या भागाने, कपाळावर, सगळ्यांना दिसेल असा, आणि लगेच माझ्या डाव्या बाजूला निघून जात होती. आपल्याकडे जिल्हा स्तरावर चाल करून जाणाऱ्याला टाळ्या मिळतात, म्हणून आपण तेच शिकतो. नवीन मुलांना माझा आग्रह आहे की पहिलं वर्षभर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पाय, बाकी सगळं नंतर. डावखुऱ्या जोडीदाराबरोबर आठवड्यातून एकदा तरी खेळा. हॉलमध्ये डावखुरा नसेल तर शहरातल्या दुसऱ्या हॉलला जा, विचारायला लाजू नका.

स्पारिंगबद्दलही, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीबद्दलही, ऐकून ठेवा. रोज जोरात स्पारिंग करणं हे धाडस नाही. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आतल्या मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. डोक्यावर मार लागून नॉकआउट झालात किंवा पंचांनी लढत थांबवली तर नियमानेच निदान तीस दिवस रिंगबंदी असते, पुन्हा तसंच झालं तर ती वाढत जाते. हॉलमधल्या सरावात असा मार लागला तर तिथे कुणी नियम लावायला नसतं, म्हणून तो तुम्ही स्वतः पाळा. डोकं दुखतंय, मळमळतंय, प्रकाश सहन होत नाही, असं वाटलं तर त्याच दिवशी घरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. हे मी हात जोडून सांगते.

औषधांचंही तसंच. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोइफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर तुम्ही दोषी. वजन उतरवायला काही जण लघवी होण्याची गोळी घेतात, फ्युरोसेमाईड वगैरे. ती बाराही महिने बंदीच्या यादीत आहे. "मला माहीत नव्हतं" याने दोष पुसला जात नाही, शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. दुकानातून प्रोटीनचा डबा आणण्याआधी दहा वेळा विचार करा. अंडी, दूध, चणे, डाळ, भाकर, केळी यांवर मी इंडिया खेळले. डॉक्टरकडे गेलात की आधी सांगा, मी खेळाडू आहे, माझी डोप चाचणी होते. दम्यासारखा खरा आजार असेल तर आधीच परवानगी काढण्याची सोय आहे, ती वापरा.

कागदपत्रांचं सांगते, कारण माझं एक शिबिर यातच जाणार होतं. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर माझ्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. पासपोर्टसाठी बाबा चार वेळा एका कार्यालयात खेटे घालून आले, दर वेळी नवीन कागद मागितला गेला. बाबांची रात्रपाळी असायची, ते झोप न घेता रांगेत उभे राहायचे. पोरगी पहिल्यांदा राज्य खेळली की त्याच आठवड्यात हे तिन्ही कागद सारखे करून घ्या आणि पासपोर्ट काढा. जन्मतारखेत कधीही खाडाखोड करू नका. वयोगट जन्मवर्षावर ठरतात, लहान मुलांची हाडांची तपासणीही होते, आणि एकदा बट्टा लागला की तो पुसत नाही. प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते आणि तेव्हा झेरॉक्स चालत नाही.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं घरूनच जातात. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात. ऑलिम्पिकच्या योजनेत, म्हणजे टॉप्समध्ये, मुख्य गटाला महिना ५०,००० आणि विकास गटाला २५,०००, पण तिथे पोहोचणारे मोजकेच. बहुतेकांचं खरं ध्येय रेल्वे, पोलीस किंवा सेनादलातली नोकरी असतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

यात सगळ्यात कठीण वर्ष एकोणिसावं. सतरा-अठराचे युवा गटात, एकोणिसाव्या वर्षी सीनियर. काल तुम्ही तुमच्या वयाच्या मुलीशी खेळत होता, आज समोर अठ्ठावीस वर्षांची, दहा वर्षं शिबिरात काढलेली बाई. अनेक चांगल्या मुली इथेच गळतात. मीही त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरले. त्या काळात कॉलेज सोडू नका, मी सोडलं नाही म्हणून आज क्रीडा शिक्षणाची पदवी हातात आहे आणि संध्याकाळी हॉलवर शिकवू शकते.

संघटनांची भांडणंही आपल्या हातात नसतात. २०१२ च्या शेवटी भारताची जुनी संघटना निलंबित झाली आणि नवीन २०१६ ला आली, मधली वर्षं खेळाडूंनी अधांतरी काढली. जागतिक पातळीवरही वाद झाला, बॉक्सिंग ऑलिम्पिकमधून जातंय की काय अशी भीती होती. मार्च २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी ते पक्कं झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला जॅस्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा जगज्जेत्या झाल्या. त्या बातमीच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही पेढे वाटले.

परवा चौदा वर्षांची एक पोरगी सराव संपल्यावर थांबली. काट्यावर चढली, ५३.२. म्हणाली, "ताई, ५२ मधी करून टाका ना, दोन दिवस जेवत नाही मी." मी तिला खाली उतरवलं, बाकावर बसवलं आणि माझ्या डब्यातली भाकरी आणि भिजवलेले चणे तिच्यापुढे ठेवले. ती आधी नको म्हणाली, मग सगळं खाल्लं. येत्या रविवारी जिल्ह्याची चाचणी आहे. तिचं नाव ५४ मध्ये दिलंय.