गोव्याच्या उकाड्यात बटरक्रीमच्या पाकळ्या

केकवरच्या या पाकळ्या म्हणजे लोणी-साखरेच्या क्रीमचे ठिपके, चमच्याने एका बाजूला ओढलेले. त्या बहुतेक वेळा बिघडतात त्या तापलेल्या लोण्यामुळे, आणि दोष मात्र हाताला दिला जातो. एप्रिल-मेमध्ये पणजी-मडगावकडे दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो, आणि लोणी जवळपास त्याच तापमानाला वितळतं. त्यामुळे हे काम सकाळी लवकर किंवा रात्रीची जेवणं आटोपल्यावर काढावं, एसीची खोली असेल तर तिथेच. लोणी २० ते २२ अंशांचं हवं. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबून बघा: खळगा पडला पाहिजे, पण बोट तुपकट होता कामा नये.

पुढची मापं ७ इंची, तीन थरांच्या, साधारण ११ सेंटिमीटर उंच केकसाठी आहेत. नेहमीचा व्हॅनिला स्पंज चालतोच. रवा-खोबऱ्याचा बाथ केकही चालतो, तो घट्ट असल्याने वजन छान पेलतो. फक्त त्याचा फुगलेला माथा कापून सपाट करावा लागतो आणि चुरा जास्त सुटतो.

क्रीमसाठी २०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १०० ग्रॅम मिठाचं लोणी, १०० ग्रॅम वनस्पती तूप, ६०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि २-३ चमचे दूध. वनस्पती तुपाला नाकं मुरडणारे बरेच भेटतील. ते जास्त घातलं तर टाळूला चिकटतं हे खरंच, पण इथल्या हवेत पाकळी उभी राहते ती त्याच्याच जोरावर; १०० ग्रॅमपर्यंत चवीत फारसं कळत नाही. सगळंच लोणी मिठाचं घेतलं तर मात्र क्रीम खारट होईल.

लोणी आणि तूप पाचेक मिनिटं फेटून फिकट होऊ द्या, मग साखर चाळून तीन वेळा घाला. पावसाळ्यात आयसिंग शुगर डब्यातच गुठळ्या धरते. क्रीम पिळायच्या रुंद नोझलमधून गुठळी निघून जाते, पण पाकळी ओढताना तिच्यामागे नांगरल्यासारखी रेघ उमटते. शेवटी मशीन बंद करून रबरी स्पॅचुलाने क्रीम भांड्याच्या कडेला दाबत दोन मिनिटं घोटा. आतली हवा निघाली नाही तर प्रत्येक पाकळीला भोकं पडतील.

थरांमध्ये आणि बाहेरच्या पातळ पहिल्या लेपाला मिळून ४००-४५० ग्रॅम क्रीम लागतं. लेप दिलेला केक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हा लेप टणक झाला नाही तर पाकळी ओढताना चमच्याबरोबर तोही ओढला जातो.

उरलेल्या क्रीमला रंग द्या. अबोलीच्या वळेसराचा (गजऱ्याचा) रंग फार खुलतो: नारिंगी जेल रंगात गुलाबीचा कण, तळाला गडद आणि वर जाताना फिकट होत पांढरट. जेल रंगच वापरा, पाण्यासारख्या रंगाने क्रीम सैल होतं. तासाभरात रंग आणखी चढतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा फिकट ठेवा.

नोझल साधं गोल, १० ते १२ मिलिमीटर तोंडाचं. क्रीम पिळायच्या एका बॅगेत २०० ग्रॅमपेक्षा जास्त क्रीम भरू नका. तळव्याच्या उबेने बॅग दहा मिनिटांत सैल पडते. दोन-तीन बॅगा भरून आलटून पालटून फ्रीजमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

आता केकच्या कडेला खालून वर, एका सरळ रेषेत, दोन-दोन सेंटिमीटरचे पाच ठिपके द्या. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं अंतर सारखं हवं. छोट्या पॅलेट नाइफचं टोक किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ ठिपक्याच्या बरोबर मध्यावर टेकवा, थोडं दाबा आणि उजवीकडे दोन-अडीच सेंटिमीटर ओढत दाब कमी करत उचला. डावा अर्धा भाग जाड, गोल राहतो. तीच पाकळीची कड. प्रत्येक ओढीनंतर चमचा पुसायचाच. पुढची रांग आधीच्या शेपटांच्या मध्यावर येते आणि ती झाकून टाकते. पूर्ण फेरीला तीसेक रांगा होतात, म्हणजे दीडशेच्या आसपास ठिपके. डावखुऱ्यांनी उलट्या दिशेने जावं.

पाकळीची कड फाटली तर क्रीम फार गार किंवा कोरडं आहे. चमचाभर दूध घालून पुन्हा घोटा. पाकळी चकाकली आणि पसरली तर ते तापलंय. दहा मिनिटं फ्रीज. डोक्यावर पंखा चालू असला की आणखी एक घोटाळा होतो: ठिपक्यांवर पातळ पापुद्रा धरतो आणि ओढताना तो तडकतो. म्हणून आधी सगळे ठिपके देऊन मग ओढत बसू नका. एक रांग द्यायची, लगेच ओढायची.

शेवटच्या रांगेला ओढायला जागाच नसते. तिचे ठिपके तसेच गोल ठेवा आणि ती बाजू मागे करा. वरच्या भागावर बाहेरच्या कडेपासून आत, शेपूट मध्याकडे ओढत गोल फेऱ्या घ्या. साधारण सत्तर ठिपके लागतात. मध्यावर एकच ठिपका.

तयार केक बंद खोक्यात तासभर फ्रीजमध्ये ठेवा, बोट लावलं तरी पाकळी दबणार नाही इतका. बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. दमट हवा थंड पाकळ्यांना लागली की त्यांना घाम फुटतो आणि रंग ओघळतो. खोकं बंद असेल तर तो घाम खोक्यावर बसतो. घाम आलाच तर पुसायला जाऊ नका, आपोआप सुकेपर्यंत हात लावू नका. पणजीहून फोंड्याला न्यायचा असेल तर गाडीचा एसी आधीच चालू करा आणि खोकं सीटवर नको, खाली सपाट जागी ठेवा. कापण्यापूर्वी केक फ्रीजबाहेर एसीत पाऊण तास ठेवावा, बाहेरच्या मांडवात वीस मिनिटं पुरतात.