परदेशात गाडी चालवणार? मग नकाशा घेताना या चुका टाळा

"फोन आहे ना, नकाशा कशाला" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. फोन पुढचं वळण सांगतो, पण उद्याचा अख्खा दिवस कसा जाणार ते टेबलावर नकाशा पसरल्यावरच कळतं. असो, नकाशा घेणारेही काही कमी घोळ घालत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ स्केलचा. अख्ख्या युरोपचा एकच नकाशा घ्यायचा आणि स्वस्तात काम झालं म्हणून खूश व्हायचं. अहो, त्याचा स्केल असतो १:३०,००,०००, म्हणजे कागदावरच्या १ सेंटीमीटरात ३० किमी! आकडा जितका मोठा तितका तपशील कमी, लोक नेमकं उलटं समजतात.

ओळखीतलं एक जोडपं असाच नकाशा घेऊन मेच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडला गेलं. आंडरमाटहून फुर्का घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायचं होतं, नकाशावर सेंटीमीटरभर रेघ, म्हणे तासाभरात पोचू. फुर्का २४२९ मीटरवर, तेव्हा बर्फात गाडलेला, रस्ता बंद. शेजारचे ग्रिमसेल आणि सुस्टेनही बंद. मग बर्नवरून, लेक जिनिव्हाला वळसा घालून साडेतीनशेच्या वर किमी हाणले आणि रात्री पोचले. आणि आंडरमाटपासून जेमतेम १० किमीवर रेआल्प स्टेशनात गाडी ट्रेनवर चढवतात, १५ किमीच्या बोगद्यातून वीसेक मिनिटांत पलीकडे ओबरवाल्डला उतरवतात, १९८२ पासून हे चालू आहे! बऱ्या स्केलच्या नकाशावर त्या ट्रेनचं चिन्ह असतं, घाट साधारण कोणत्या महिन्यांत बंद असतो तेही बऱ्याचदा रस्त्यालगत छापलेलं असतं.

माझी सवय सांगतो, देश ओलांडायला १:१०,००,०००, आणि जिथे मुक्काम करून हिंडायचंय तिथला १:२,००,०००. दोन कागद जास्त होतात, होऊ देत.

दुसरं, चिन्हांची यादी न वाचणं. मिशेलिन या फ्रेंच कंपनीच्या नकाशात रस्त्यावर छोटे बाण असतात, ते बघून वन-वे समजणारे महाभाग मला भेटलेत. ते चढाचे बाण आहेत, टोक चढाच्या दिशेला, आणि तीन बाण म्हणजे १३ टक्क्यांच्या वरचा चढ. भरलेल्या गाडीने तिथे पहिला गिअर आठवतो. रस्त्याला हिरवी कड असेल तर निसर्ग बघण्यासारखा, वेळ असेल तर तोच घ्या.

ब्रिटनमध्ये नकाशावर ई नंबर (युरोपभरच्या महामार्गांचा सामाईक नंबर) दिसला तरी पाट्यांवर तो नसतोच, तिथे एम (मोटरवे) आणि ए (मुख्य रस्ते) नंबर बघा. उत्तर आयर्लंडमध्ये पाट्यांवर मैल, सीमा ओलांडून आयर्लंड देशात गेलं की किमी. आइसलँडमध्ये एफ ने सुरू होणाऱ्या नंबरच्या रस्त्यावर फोर बाय फोर नसेल तर जायचंच नाही, कितीही शॉर्टकट दिसो.

आणि निघायच्या आदल्या दिवशी मिळेल तो नकाशा उचलू नका. आवृत्तीचं साल बघा, मागे गावांची सूची आहे का बघा, नसेल तर ठेवून द्या परत.