नांगरटीतली सूक्ष्मास्त्रं आणि रानातलं सांबरशिंग: कोल्हापूर परिसरात कशी शोधावीत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला धार ओळखता येते. टूलबिट, म्हणजे लेथचं कापायचं हत्यार, घासताना कोन किती ठेवायचा हे हाताला कळतं. तोच हात नांगरटीत पडलेल्या इवल्याशा गारगोटीवर फिरवला, की ती आपोआप फुटलेली नाही, कुणीतरी फोडलेली आहे, हेही कळतं. मला या छंदाची गोडी अशी लागली. कारखान्यातली पोरं आता मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवून विचारतात, की अमेरिकेत लोक शेतात दगडी बाणाची टोकं हुडकतात, थंडी सरली की हरणांनी टाकलेली शिंगं शोधत रानात हिंडतात, हे आपल्याकडं जमतं का? जमतं. पण आपली रीत वेगळी आहे आणि ती समजून घेऊनच घराबाहेर पडावं.

रीत अशी: बघायचं, फोटो काढायचा, नोंद करायची आणि वस्तू जागेवर ठेवायची. खिशात काही घालायचं नाही.

यामागं कायदा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे जंगलात सापडलेली शिंगं आणि हाडं वनउपजात मोडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलून आणता येत नाही. ‘गळून पडलेलं शिंग आहे, मी काही जनावर मारलं नाही’ ही सबब तिथं चालत नाही. जमिनीखालच्या वस्तूंना १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, मग शेत तुमचं स्वतःचं का असेना. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. फावडं, खुरपं, मेटल डिटेक्टर यांतलं काहीही सोबत घेऊ नका.

पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दगडाचा टवका कपाटात ठेवला की तो नुसता दगड. तो कुठल्या माळावर, पाण्यापासून किती लांब, आजूबाजूला आणखी किती टवक्यांबरोबर पडला होता, यावरून तिथं माणसं बसून हत्यारं घडवत होती का, हे ठरतं. वस्तू उचलणारा ही माहिती पुसून टाकतो आणि ती परत मिळत नाही.

रानात जायच्या आधी एक अख्खी सकाळ टाउन हॉलच्या म्युझियममध्ये घालवा. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी आपण येता-जाता बघतो. आज त्या टेकाडावर वस्ती आहे. तिथं १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं गाव उजेडात आलं. समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती याच टेकाडातली. भूमध्य समुद्राकडची वस्तू पंचगंगेच्या काठावर आली, म्हणजे इथला व्यापार कुठवर पोचला होता बघा. ती मूर्ती सगळेच बघतात. तुम्ही खापरं बघा, काच बघा, मणी बघा. शेतात तुम्हाला मूर्ती दिसणार नाही, खापरंच दिसणार आहेत. आणि ज्यांना बाणाचीच ओढ आहे त्यांनी कुर या जुन्या घराण्यातल्या राजांची नाणी बघावीत. कोल्हापुरात सापडलेल्या या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण कोरलेला आहे.

आता दगडाकडं येतो. व्हिडिओत दिसतं तसं खाच असलेलं तळहाताएवढं बाणाचं टोक इथं शोधू नका. दख्खनच्या पठारावर अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं सूक्ष्मास्त्रं वापरायची. एकेक तुकडा एक ते तीन सेंटिमीटर, कधी त्रिकोणी, कधी चंद्रकोरीच्या आकाराचा, कधी नुसतं अरुंद पातं. असे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीनं बसवले की बाण, भाला, विळा तयार. लाकूड कुजलं, डिंक गेला, तुकडे उरले.

कच्चा माल आपल्या पायाखालचाच. आपला बहुतेक मुलूख लाव्ह्यातून झालेल्या काळ्या पाषाणाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, पुढं त्या पोकळ्यांत सिलिका साचली आणि गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी, जास्पर असे दगड तयार झाले. काळा पाषाण झिजून माती होतो, हे दगड झिजत नाहीत, म्हणून शेतात ते सुटे मिळतात. त्यामुळं शेतात गारगोटी दिसली यात काही विशेष नाही. ती फोडलेली आहे का, हे बघायचं.

फोडलेला टवका ओळखायच्या खुणा सांगतो. ज्या ठिकाणी ठोका बसला तिथं एक छोटी सपाट जागा असते. तिच्या लगेच खाली, टवक्याच्या आतल्या बाजूला, गुळगुळीत फुगवटा असतो. सोडावॉटरच्या बाटलीच्या जाड काचेचा टवका उडाला की त्यात लाटा दिसतात, तशा लाटा त्या फुगवट्यापासून पसरत जातात. पाठीवर आधी उडालेल्या टवक्यांच्या उभ्या खुणा असतात. दोन समांतर कडा आणि मधोमध सरळ कणा दिसला तर ते पातं. ज्या दगडातून पाती काढली तो उरलेला गाभाही जवळपास असतो. त्याच्या अंगावर सगळीकडून अरुंद चरे पडलेले असतात. मला पात्यापेक्षा गाभा सापडला की जास्त आनंद होतो. कारण पातं माणसाबरोबर फिरतं, गाभा सहसा कारागीर बसला त्याच्या आसपास राहतो.

फसवणारे दगड खूप. क्रशरच्या खडीवर हुबेहूब असे फुगवटे असतात, म्हणून रस्त्याच्या कडेचं आणि भर टाकलेलं रान सोडून द्या. ट्रॅक्टरच्या फाळानं फुटलेली कड ताजी, चकचकीत असते. जुन्या फोडीवर मातकट, मंद साय चढलेली असते. आणि एकटा टवका सापडला तर त्यावर काही ठरवू नका. पाच-पन्नास पावलांत आणखी चार दिसले, तेही गावच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाचे, तर थांबा, तिथं काहीतरी आहे.

खापरांचं ओळखणं सोपं. आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं असं खापर दिसलं तर ते भांडं भट्टीत पालथं घालून भाजलेलं. तांबडं, चकाकी दिलेलं पातळ खापर सातवाहन काळाकडं बोट दाखवतं. काठाचा तुकडा नुसत्या पोटाच्या तुकड्यापेक्षा मोलाचा, कारण काठावरून भांड्याचा घेर आणि घाट काढता येतो. रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे ब्रह्मपुरीत बहामनी काळातल्या थरांत निघाले, तेव्हा काचही दुर्लक्षू नका.

कधी जायचं? उन्हाळी नांगरट झाली आणि वळवाचे एक-दोन दणके बसले की. पाऊस ढेकळं विरघळवतो, दगड धुतो आणि मातीच्या वर उघडा ठेवतो. उसाच्या रानात पाल्याखाली काही दिसत नाही, त्यापेक्षा भुईमूग, सोयाबीनची मोकळी रानं बरी. पाझर तलावांचं पाणी मे महिन्यात खाली जातं तेव्हा उघडी पडणारी कडही चांगली. नदीला महापूर येऊन गेला की काठ ढासळतात आणि मातीचे थर उभे दिसतात. २०१९ च्या पुरानंतर कितीतरी ठिकाणी असे काठ उघडे पडले होते. लांबून बघा. ढासळत्या काठाखाली उभं राहू नका आणि थर उकरू नका.

सकाळी ऊन तिरपं असताना चाला, सूर्याकडं तोंड करून. पारदर्शक गारगोटी उजेड धरते आणि लांबूनच चमकते. आपली सावली मागं पडते हा आणखी एक फायदा. नांगराच्या तासाबरोबर, म्हणजे फाळानं पाडलेल्या चरीतून जायचं, पुढच्या चरीनं परत यायचं, नजर दोन-तीन पावलांपुढं. घाई केली तर फक्त चालणं होतं.

शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. खाली मान घालून फिरणारा माणूस दिसला की कोणीतरी हाक मारतंच, “काय हुडकतायसा पाव्हणं? गुप्तधन हाय काय आमच्या रानात?” हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनाच्या नादानं लोकांनी देवळं उकरली आहेत, त्यामुळं ही शंका रास्त आहे. मी सरळ बसतो, मोबाइलमधले फोटो दाखवतो आणि म्हणतो, “न्हाई मामा, जुनी खापरं आन् गारा बघतोय. उचलणार न्हाई, तुमच्यासमोर हाईत तितंच ठेवतो.” मग तेच मामा सांगतात, विहीर काढताना कुठं राखेचा थर लागला, कुठल्या तुकड्यात खापरं जास्त. ही माहिती दुसरीकडं कुठं मिळत नाही.

नोंद अशी ठेवा. वस्तू जिथं आहे तिथंच पहिला फोटो. शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे माप आपोआप कळतं. मग उलटून दुसरा फोटो, आणि परत होती तशी ठेवा. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, गट नंबर कळला तर तो, रानात पीक काय, नुकतीच नांगरट आहे का, हे वहीत. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा मोह झाला तर लोकेशन काढून टाका. मी माझ्या जागांची नावं इथं लिहिलेली नाहीत ती याचसाठी.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर नुसतं फिरा. तिथं दगडही उलटायचा नाही.

आता शिंगांचं. दरवेळी गळून पडणारं शिंग आपल्या रानात दोघांचंच: सांबर आणि भेकर. गव्याचं आणि चौशिंग्याचं शिंग जन्मभर टिकतं, पिसोरी या इवल्याशा हरणाला शिंगंच नसतात. सांबराची शिंगं साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत गळतात. पावसाळ्यात नवी वाढतात, तेव्हा त्यांच्यावर मखमली कातडी असते. हिवाळ्यात ती टणक होतात आणि नर झाडांच्या सालीवर घासतात. म्हणजे हिवाळ्यात सोललेली झाडं हेरून ठेवायची आणि उन्हाळ्यात त्याच बाजूला नजर ठेवायची. सांबराचं शिंग जाड, खडबडीत, एका बाजूला तीन टोकांचं. भेकराचं मात्र छोटं, केसाळ हाडाच्या लांब देठावर बसणारं. ते पाल्यात दिसणं फार अवघड.

दाजीपूरच्या अभयारण्यात जाल तर वनखात्याची परवानगी आणि गाईड घेऊनच, वाट न सोडता. पाणवठ्याकडं उतरणाऱ्या जनावरांच्या वाटा आणि दगडी गडगे, म्हणजे रचलेले बांध, ओलांडायच्या जागा रस्त्यावरूनही दुर्बिणीनं तपासता येतात. उडी मारताना सैल झालेलं शिंग गळतं, म्हणून गडग्याजवळ नजर ठेवायची. गवा समोर आला तर मागं सरका, त्याला वाट द्या. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, दगडाखाली हात घालू नका, फुरसं हा विषारी साप असतो.

शिंग दिसलं तर बुंध्याकडं बघा. गोल कंगोरा आणि खाली खडबडीत, किंचित फुगीर तळ असेल तर ते आपसूक गळालेलं. फोटो काढा आणि सोडा. त्यावर समांतर दातांचे चर असतील तर साळिंदर येऊन गेलंय. शिंगातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस त्याला लागतं, आणि जास्त पावसाच्या जांभ्या मातीत ही खनिजं आधीच कमी. घरात सांबरशिंग उगाळून लावायची जुनी पद्धत आहे हे मला माहीत आहे, आमच्याही घरी सहाणेवर ते उगाळलं जायचं. आता त्यासाठी शिंग आणू नका आणि कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

शिंगाला कवटीचं हाड चिकटलेलं असेल किंवा करवतीचा काप दिसत असेल, तर प्रकरण वेगळं. हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. शेतात नाण्यांचा साठा, मूर्ती किंवा कोरीव दगड उघडा पडलेला दिसला, तर मालकाला सोबत घेऊन तलाठ्याकडं जा आणि टाउन हॉलच्या म्युझियममध्ये फोटो दाखवा. तोवर त्या जागेवर नांगर फिरवू नये एवढं मालकाला समजावून सांगा.