जुनी रोड सायकल घेताय? आधी सीट पिलर उपसून बघा

सेकंडहँड रोड सायकलवर पुन्हा रंग मारलेला असतो, स्टिकर गेलेले असतात, आणि विकणारा प्रत्येक फ्रेमला ‘इंपोर्टेड’ म्हणतो. स्टीलची नळी खरंच हलकी आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येतं.

१. सीट पिलर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते आणि जो फ्रेमच्या उभ्या नळीत शिरतो तो, पूर्ण बाहेर काढा. खालच्या टोकाजवळ बहुधा बारीक आकडा कोरलेला असतो, पिलरची जाडी मिलिमीटरमध्ये. चिंधीने ग्रीस पुसलं की दिसतो.

२. नळी बाहेरून सारख्याच मापाची असते, म्हणून आत जितका जाड पिलर मावतो तितकी नळीची भिंत पातळ. 27.2 असेल तर इंग्लिश किंवा इटालियन फ्रेमची नळी बहुधा पातळ आणि चांगली. रेनॉल्ड्स 531 या नावाजलेल्या हलक्या स्टील नळीच्या कित्येक फ्रेमना हेच माप लागतं. 25.4 म्हणजे बहुतेक जाड, जड नळी. फ्रेंच नळ्या मुळातच वेगळ्या मापाच्या, त्यांना हा हिशेब लावू नका.

३. पिलरभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली निघाली तर पिलर दुसऱ्याच सायकलचा. मग नळीचंच आतलं माप व्हर्नियरने घ्या.

क्रोमवरचा गंज घरी आल्यावर काढा: अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. काळं पाणी सुटतं आणि खालून चकाकी येते. रंगावर मात्र घासू नका.

सर्वांत जपायचं ते बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाला. तो दोन्ही बाजूंनी आट्यांच्या कपांनी फ्रेममध्ये बसवलेला असतो. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो, इटालियन आणि बहुतेक जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये उलट. खात्री नसेल तर पाना लावूच नका. आटे गेले की अख्खी फ्रेम हातची जाऊ शकते.